बाळाच्या रिपोर्टमधलं ‘जी६पीडी’ म्हणजे नक्की काय?

रात्री साडेअकराला पुतणीचा फोन आला तेव्हाच पोटात धस्स झालं. बाळ जेमतेम आठवड्याचं. तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले होते, त्याचा रिपोर्ट आला होता. बाकी सगळ्या तपासण्यांपुढे ‘नॉर्मल’ आणि एकीपुढे ठळक अक्षरांत ‘जी६पीडी डेफिशियंट’. डॉक्टर घाईत होते. ‘घाबरू नका, थोडं पथ्य पाळा,’ एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. उरलेलं काम व्हॉट्सअ‍ॅपनं केलं. तासाभरात तिच्याकडे वर्ज्य पदार्थांची यादी आली. वाल, चवळी, वाटाणे, सोयाबीन, शेंगदाणे, निळ्या रंगाची मिठाई, आणखी बरंच काही.

“आत्या, डाळसुद्धा शेंगेतूनच येते ना गं? मग हा जन्मभर खाणार काय?”

बायोकेमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेली आत्या घरात असण्याचा एवढाच काय तो उपयोग. त्या रात्री तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. खासगी प्रसूतिगृहांत नवजात बाळांच्या अशा तपासण्या आता बऱ्याच ठिकाणी होतात, गोव्यात तर २००८ सालीच सरकारी पातळीवर त्या सुरू झाल्या. त्यामुळे हा शब्द अनेक घरांत असाच अवेळी येऊन धडकत असणार.

आधी नाव उलगडू

पूर्ण नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. घाबरवण्यासाठीच ठेवलंय असं वाटतं खरं, पण ते नाव नसून कामाचं वर्णन आहे. ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनला फॉस्फेटचं शेपूट लावलं की झालं ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट. त्याच्याकडून हायड्रोजन काढून घेणारं ते डिहायड्रोजनेज. पेशीतली रासायनिक कामं झटपट उरकून देणाऱ्या अशा प्रथिनांना एन्झाइम म्हणतात.

जनुक म्हणजे हे प्रथिन बनवायची कृती. ती एक्स गुणसूत्राच्या अगदी टोकाजवळ लिहिलेली आहे. प्रथिन ५१५ मण्यांच्या माळेसारखं, प्रत्येक मण्यासाठी कृतीत तीन अक्षरं, म्हणजे हिशेबाने १५४५ अक्षरं झाली. रिपोर्टमध्ये ‘डेफिशियंट’ येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं. जनुक असतं, प्रथिनही बनतं, पण ते लेचंपेचं असतं किंवा लवकर मोडतं. हे एन्झाइम मुळीच नसलेला माणूस वैद्यकाला सापडलेला नाही. त्याच्याशिवाय गर्भच तग धरत नाही, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा ‘माझ्या बाळाला ते जनुकच नाही’ असं म्हणत रडू नये. पुतणी तेच म्हणत होती.

शिदोरीवर निघालेली पेशी

हे एन्झाइम शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं, मग त्रास फक्त रक्ताला का?

तांबडी पेशी ही विचित्र चीज आहे. हिमोग्लोबिनला जास्तीत जास्त जागा मिळावी म्हणून ती तयार होताना स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देते. म्हणजे कृतीचं पुस्तकच फेकून देते. ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रियासुद्धा ठेवत नाही. घरातून निघताना जी शिदोरी बांधून घेतली, तीवर तिला साधारण १२० दिवस काढायचे असतात. वाटेत चूल नाही. इतर पेशी एखादं एन्झाइम झिजलं की नवं बनवतात. तांबड्या पेशीला ती सोय नाही, तिच्यातलं चांगल्या प्रतीचं जी६पीडीसुद्धा सुमारे दोन महिन्यांत निम्म्यावर येतं.

आणि तिचं काम काय, तर ऑक्सिजन वाहणं. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू हे खरं, पण विळीवर गंज चढवणाराही तोच. तो वाहून नेताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्यं सतत तयार होत राहतात. ती वेळच्या वेळी निपटली नाहीत तर हिमोग्लोबिन आणि पेशीचं आवरण दोन्ही खराब होतं.

गळकं छप्पर आणि एकच फडकं

पावसाळ्यातलं एखादं जुनं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. छप्पर थोडं गळतंय. फडकं एकच. पाणी टिपायचं, फडकं पिळायचं, पुन्हा टिपायचं. पेशीतलं हे फडकं म्हणजे ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य. ते दाहक द्रव्यं टिपून घेतं आणि तसं करताना स्वतः ‘ओलं’ होतं. ते पिळून पुन्हा वापरण्याजोगं करायला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो, तो झाला पिळणारा हात. आणि ग्लुकोजकडून हायड्रोजन काढून या हातात बळ भरणारं आपलं जी६पीडी.

इतर पेशींकडे एनएडीपीएच बनवायचे आणखी मार्ग आहेत. तांबड्या पेशीकडे हा एकच.

आता ज्याच्या हातात जोर कमी आहे, त्याच्या घरात रोजची रिमझिम काही बिघडवत नाही. सोळा आण्यांपैकी दोन आणे जोराने पिळलं तरी भागतं. म्हणूनच हे बाळ इतर बाळांसारखंच हसेल, धावेल, शाळेत जाईल, आणि रिपोर्ट नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता. अडचण होते ती अचानक मुसळधार कोसळायला लागल्यावर. काही विशिष्ट औषधं, एक विशिष्ट शेंग, कधी मोठा जंतुसंसर्ग. फडकं पिळून होईपर्यंत घरात घोट्याएवढं पाणी.

अशा वेळी काय होतं ते मी मायक्रोस्कोपखाली पाहिलेलं आहे. खराब झालेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटून बसतात. रक्त प्लीहेतून, म्हणजे पानथरीतून, जाताना त्या गुठळ्या जणू चावा घेऊन काढल्या जातात. उरलेली पेशी दिसते उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी. अशा पेशी भराभर फुटतात. माणूस पांढराफटक पडतो, डोळे पिवळे होतात, धाप लागते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. कारण घडल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांत हे दिसू लागतं.

तुरुंगात लागलेला शोध

हे कोडं सुटलं ते मलेरियाच्या औषधामुळे. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपान्यांच्या हाती गेलं आणि दोस्त राष्ट्रांचं क्विनाइन तुटलं. नव्या औषधांचा शोध घेताना अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर चाचण्या झाल्या. कैद्याची संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही मिटलेला नाही. प्रायमाक्विन दिलं की बहुतेकांना काही होत नसे, पण काही कृष्णवर्णीय कैद्यांचं रक्त झपाट्यानं उतरायचं.

दोष औषधाचा, शरीराचा की रक्ताचा? संशोधकांनी किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावून या कैद्यांच्या तांबड्या पेशी निरोगी माणसांच्या अंगात सोडल्या आणि प्रायमाक्विन दिलं. फुटल्या त्या फक्त खूण लावलेल्या पेशी. उलट निरोगी पेशी या कैद्यांच्या अंगात सोडल्या तर त्या शाबूत राहिल्या. दोष पेशीच्या आतच होता. १९५६ साली पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या दोषाला नाव दिलं, जी६पीडीची कमतरता. जगात चाळीस कोटींहून जास्त लोकांत ती आहे असा अंदाज आहे. एन्झाइमच्या जन्मजात कमतरतांमध्ये ही सगळ्यात जास्त आढळणारी.

बरं, पण वाल खायचे की नाही?

खुशाल खा. डाळिंब्यांची उसळ, पावटे, चवळी, मटकी, शेंगदाणे, सगळं.

त्या यादीचा घोटाळा असा आहे. भूमध्य समुद्राच्या भोवती फावा नावाची शेंग खातात. हिंदी पट्ट्यात तिला बाकला म्हणतात. तिच्या दाण्यांत व्हायसीन आणि कॉनव्हायसीन ही दोन द्रव्यं असतात. पचनात त्यांच्यापासून जे तयार होतं ते तांबड्या पेशींवर मुसळधार पावसासारखं कोसळतं. आपले वाल-पावटे वेगळ्याच वंशाचे. पण यादी एका भाषेतून दुसरीत, एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाताना ‘फावा बीन्स’चं नुसतं ‘बीन्स’ झालं आणि ‘बीन्स’ची झाली ‘सगळी कडधान्यं’. यात पोरांच्या तोंडचं प्रोटीन जातं, याचा मला खरंच राग येतो.

बाकला मात्र टाळायचाच. मॉलमध्ये खारे, तळलेले, चपटे मोठे दाणे पाकिटात मिळतात, त्यावरचं नाव वाचा. आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांनी जास्त जपावं, कारण तिथला नाश्त्याचा ‘फूल’ या दाण्यांचाच असतो आणि इजिप्शियन पद्धतीचा फलाफलही. बाळ अंगावर पितं तोवर आईनंही बाकला खाऊ नये. कारल्याच्या बियांतही व्हायसीन सापडलेलं आहे. पिकल्या बिया आपण तशाही काढून टाकतो, तेवढं करावं.

खरी यादी लहान आहे

औषधांमध्ये सगळ्यात महत्त्वाची प्रायमाक्विन आणि तिची नवी बहीण टॅफेनोक्विन. मग कुष्ठरोगावर वापरतात ती डॅप्सोन, कर्करोगाच्या उपचारांत यूरिक अ‍ॅसिड उतरवायला देतात ती रासब्युरिकेज आणि मिथिलीन ब्ल्यू. लघवीच्या संसर्गावरची नायट्रोफ्युरँटॉइन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि बाळ अंगावर पीत असताना हाच नियम आईलाही लागू. नेहमीच्या डोसातलं पॅरासिटामॉल चालतं. क्लोरोक्विन जुन्या याद्यांत असायचं, नेहमीच्या डोसात त्याचा धोका फारसा नाही हे आता कळलं आहे. लसी सगळ्या, वेळेवर.

मिथिलीन ब्ल्यूची गंमत सांगण्यासारखी आहे. हे औषध एरवी रक्तातला एक प्रकारचा बिघाड दुरुस्त करायला देतात, पण त्यासाठी त्याला एनएडीपीएचचाच हात लागतो. तो हातच लुळा असेल तर औषध कामाला न येता उलट स्वतःच दाह वाढवतं. कोविडच्या लाटेत लोक निळ्या बाटल्या घरी आणून थेंब थेंब घेत होते. त्यातल्या कितींनी जी६पीडी तपासलं असेल?

बाळाच्या बाबतीत औषधांपेक्षा घरातल्या दोन वस्तूंकडे बघा. पहिली, डांबरगोळ्या. आपल्याकडे बाळासाठी जुनी दुपटी, झबली, आजीच्या लुगड्याच्या गोधड्या ट्रंकेतून निघतात आणि थेट पाळण्यात जातात. त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. तो वास म्हणजे नॅफ्थॅलीन, आणि तेच श्वासातून, कातडीतून बाळाच्या रक्तात जातं. नुसतं उन्हात टाकून भागत नाही, धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत धुवा, आणि ट्रंकेत गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला घाला.

दुसरी वस्तू मेंदी. तिला रंग आणणारं लॉसोन हे द्रव्य रसायनाच्या नात्यानं नॅफ्थॅलीनच्याच कुळातलं. तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी लावल्यावर रक्त फुटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. बारशाला आईनं खुशाल मेंदी काढावी, बाळाचे तळवे कोरेच ठेवावेत.

आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतली कावीळ. ती बऱ्याच बाळांना होते, पण जी६पीडी कमी असेल तर ती जास्त चढू शकते, आणि फार चढलेलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, मेंदूत उतरलं तर नुकसान कायमचं. कोवळ्या उन्हात धरून वाट बघत बसायचं नाही. तपासणी करायची आणि डॉक्टर म्हणाले तर निळ्या दिव्याखाली ठेवायचं. एवढी एकच गोष्ट मी पुतणीला आवाज चढवून सांगितली.

‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’

जावयाच्या घरून हे वाक्य आलंच. आणि गंमत म्हणजे ते या बाबतीत अगदी बरोबर होते. मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं, एक्स मिळतं ते आईकडून. जी६पीडीची कृती एक्सवर आहे, म्हणजे मुलाच्या बाबतीत बापाच्या घराण्याचा संबंधच येत नाही. मुलाकडे एक्स एकच, त्यात चूक असली की दुसरी प्रत नाही. मुलींकडे दोन प्रती असतात.

मग मुली सुटल्या का? अर्ध्यामुर्ध्या. १९६१ साली मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो, दुसरा झोपवलेला. कोणत्या पेशीत कोणता झोपणार हे नशिबावर. माणसात हे खरं आहे हे दाखवायला पुढच्याच वर्षी उपयोगी पडलं ते जी६पीडी! वाहक बाईच्या रक्तात काही तांबड्या पेशी ठणठणीत आणि काही दुबळ्या, अशा दोन जाती एकत्र सापडल्या. दुबळ्या पेशींचा वाटा जास्त असेल तर बाईलाही त्रास होऊ शकतो. ‘मुलगी आहे, काही नाही होत’ हे म्हणूनच खरं नाही.

या चुकांचे शेकडो प्रकार आहेत आणि बरेचसे जिथे सापडले त्या गावाच्या नावानं ओळखले जातात. त्यातला एक आपल्या कल्याणचा. १९८४ साली एका कोळी कुटुंबात तो सापडला म्हणून त्याचं नाव जी६पीडी कल्याण. केरळमध्ये सापडलेला एक प्रकार वेगळा मानला जात होता. जनुकातली अक्षरं वाचता यायला लागल्यावर १९९२ साली कळलं की दोन्ही एकच आहेत. ९४९ वं अक्षर बदललेलं, त्यामुळे ३१७ वा मणी भलताच. तेव्हापासून जोडनाव पडलं, केरळ-कल्याण. भारतात आढळणारी बहुतेक कमतरता तीन प्रकारांची, भूमध्य, केरळ-कल्याण आणि ओरिसा. यातला ओरिसा प्रकार आदिवासी समाजांत जास्त दिसतो. मुंबईच्या पारशी समाजातही ही कमतरता बरीच आढळते.

इतकं खोडसाळ, तर टिकलं कसं?

जगाचा नकाशा घ्या. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, जवळजवळ तिथेच ही कमतरता जास्त. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत बिऱ्हाड करतो. गळक्या, दमट घरात त्याचाही जीव नकोसा होतो आणि अशी पेशी शरीर लवकर मोडीत काढतं. ज्यांचं फडकं नीट पिळलं जात नव्हतं, ती मुलं मलेरियातून थोडी जास्त वाचली.

याचा उलटा फटका आज बसतो. व्हायवॅक्स मलेरियाचे परजीवी यकृतात दडी मारून बसतात आणि महिन्यांनी परत उठतात. त्यांना तिथे मारायला याच कुळातलं औषध लागतं, आपल्याकडे सहसा प्रायमाक्विन, रोज याप्रमाणे १४ दिवस. म्हणजे ज्या भागांत या औषधाची गरज जास्त, त्याच भागांत ते न सोसणारे लोकही जास्त. गडचिरोलीत हा प्रश्न पुस्तकातला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा रुग्णांसाठी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली डोस द्यायचा पर्याय सांगितला आहे, पण त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी.

रिपोर्ट नॉर्मल, तरी खात्री नाही

रक्त फुटण्याचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर तपासणी फसवते. झटक्यात आधी मरतात त्या म्हाताऱ्या, शिदोरी संपलेल्या पेशी. मागे उरतात तरुण, आणि त्यांची जागा भरायला आलेल्या नव्या. त्यांच्यात एन्झाइम तुलनेनं जास्त असतं. रिपोर्ट येतो नॉर्मल! म्हणून अशा वेळी तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासायचं. रक्त चढवलं असेल तरी तेच, कारण तेव्हा आपण रक्तदात्याचं एन्झाइम मोजत असतो.

पत्ता लागला तो आजोबांचा

पुतणीला हे एक्स आलं कुठून? आईकडून किंवा बापाकडून. बाप म्हणजे माझा दादा. फोन ठेवल्यावर मला १९८६ सालचा गणपती आठवला. दादा कॉलेजच्या होस्टेलवरून मलेरिया घेऊन आला होता. ताप उतरला, गोळ्या चालू होत्या, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची लघवी काळी झाली, डोळे पिवळे. ‘मलेरियावर कावीळ झाली’ असं सगळ्यांनी ठरवलं आणि शेजारच्या गावातून पाल्याचं औषध आणलं. दोन-तीन आठवड्यांत तो बरा झाला. श्रेय अर्थात पाल्याला मिळालं. मी तेव्हा एमएस्सीला होते आणि मलाही काही सुचलं नव्हतं.

दुसरी आठवण अलीकडची. दादाची उपाशीपोटीची साखर १४० च्या घरात येते आणि एचबीए१सी मात्र ५.७. लॅबचं मशीन बिघडलंय असं त्याचं म्हणणं. एचबीए१सी ही तपासणी तीन महिन्यांत हिमोग्लोबिनवर किती साखर चढली ते मोजते. पण तांबड्या पेशी तीन महिने जगल्याच नाहीत तर? साखर चढायला त्यांना वेळच कमी मिळतो आणि आकडा खोटा कमी येतो. जी६पीडी कमी असलेल्यांत हे होतं. अशा माणसाचा डायबेटीस केवळ एचबीए१सीवर जोखला तर तो वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. त्याच्यासाठी रोजच्या साखरेचे आकडे किंवा फ्रुक्टोसामाइन (रक्तद्रवातल्या प्रथिनांवर चढलेली साखर मोजणारी तपासणी) बरं.

दादाचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. डेफिशियंट. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्याला हे कळलं, आणि डायबेटीसची गोळीही त्याच आठवड्यात सुरू झाली. त्याचा एक्स आला आमच्या आईकडून, म्हणजे तो मलाही मिळालेला असायची शक्यता निम्मी.

शनिवारी मीही रक्त देऊन आले. लॅबमधल्या मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, कुणी सांगितली टेस्ट? मी म्हटलं, नातवानं. तिनं वय विचारलं, मी सांगितलं, वीस दिवस.